लांबच्या सायकल राईडमध्ये शुगर घसरते, ती या चुकांमुळे

पावसाळा सरला की नागपुरातले सायकलस्वार पहाटेच रामटेक, उमरेड, कोंढाळीच्या रस्त्यांना लागतात आणि दर हंगामात तीच तक्रार माझ्या कानावर येते: चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरपर्यंत सगळे छान चालले होते, मग एकाएकी पायांतले त्राणच गेले. अशा वेळी सरावाला किंवा सायकलीला दोष दिला जातो. मी मात्र आधी एकच विचारतो, की निघाल्यापासून पहिला घास किती वाजता खाल्ला. उत्तर बहुधा 'भूकच लागली नव्हती' असे असते, आणि सर्वांत मोठी चूक तीच आहे.

आपल्या स्नायूंत साधारण 400 ग्रॅम आणि यकृतात सुमारे 80 ते 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, साठलेले असते. स्नायूंतला साठा त्या स्नायूंच्याच कामी येतो, तो रक्तात उतरत नाही. रक्तातली साखर सांभाळून मेंदूला पुरवठा करण्याचे काम मुख्यतः यकृताकडे असते आणि रात्रभराच्या उपवासात त्याचा साठा बराच खर्ची पडलेला असतो. त्यामुळे रिकाम्या पोटी पहाटे निघालेला माणूस मुळातच अर्ध्या शिदोरीवर निघालेला असतो.

माझ्या पहिल्या रामटेक राईडला, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे 100 किलोमीटरला, मी फक्त चहा घेऊन निघालो होतो, कारण परत आल्यावर तर्री पोहे खायचे असे ठरवले होते. परतताना कन्हानच्या अलीकडे हात थरथरू लागले, ऊन असूनही थंड घाम सुटला आणि मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येऊनही डावीकडे सरकायचे हे काही क्षण सुचलेच नाही. पाय थकणे सहन होते, पण महामार्गावर बुद्धी मंदावणे जिवावर बेतू शकते. टपरीवर दुप्पट साखरेचा चहा आणि बिस्किटे घेऊन अर्धा तास बसलो, तेव्हा डोके ताळ्यावर आले. पायांतली ताकद मात्र त्या दिवशी परतली नाही.

तेव्हापासून मी भुकेवर विसंबत नाही. निघण्यापूर्वी एक गूळपोळी खातो, घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लावतो आणि तो वाजला की इच्छा असो वा नसो, अर्धे केळे किंवा दोन-तीन खजूर खातो. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके बहुतेकांना पुरतात आणि एका मध्यम केळ्यातून त्यांपैकी सुमारे 25 ग्रॅम मिळतात. तासाला 90 ग्रॅमपर्यंत जायचे असेल, तर ग्लुकोजसोबत फ्रुक्टोजही लागते, कारण आतड्यात दोघांचे शोषण वेगवेगळ्या वाटांनी होते, आणि पोटालाही आठवडेच्या आठवडे सवय करावी लागते. शुक्रवारी एनर्जी जेल (कर्बोदकांचा पाकिटातला घट्ट पाक) विकत घेऊन रविवारी थेट 200 किलोमीटरच्या बीआरएममध्ये (ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडमध्ये) ते प्रथमच चाखणाऱ्यांची घाई मला कधीच समजलेली नाही. साडेतेरा तासांच्या मुदतीत पोट बिघडण्यासाठी भरपूर वेळ असतो.

ओआरएस म्हणजे जेवण नव्हे. प्रमाणित ओआरएसच्या एक लिटरमध्ये ग्लुकोज केवळ 13.5 ग्रॅम असते, म्हणून ते क्षार आणि पाण्यासाठीच प्यावे. वाटेत तर्री पोहे खाऊ नयेत, कारण तेल आणि तिखट पोटात रेंगाळतात. ते घरी परतल्यावरच खावेत.

मधुमेह असलेल्या सायकलस्वारांची एक चूक मात्र मला सविस्तर सांगितलीच पाहिजे. फेब्रुवारीत, मृगबहाराची संत्री बाजारात असताना, आम्ही काटोल रस्त्याने निघालो होतो. इन्सुलिन घेणाऱ्या माझ्या एका मित्राला अस्वस्थ वाटू लागले, म्हणून आम्ही थांबलो. त्याने संत्रे सोलले, दोन फोडी खाल्ल्या आणि मग बोट टोचून तपासले, तर ग्लुकोमीटरने 214 दाखवले. शुगर वाढली आहे असे समजून त्याने उरलेले संत्रे बाजूला ठेवले आणि तो पुढे निघू लागला. पण पहाटेच्या गारव्यातही त्याचा शर्ट घामाने भिजला होता आणि शब्द अडखळत होते. मी बाटलीतल्या पाण्याने त्याचे हात धुवून कोरडे केले आणि दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासायला लावले. या वेळी आकडा आला 61, म्हणजे शुगर वाढलेली नव्हे, घसरलेली होती. संत्र्याचा रस बोटाला लागला होता आणि रक्ताच्या थेंबात मिसळलेली त्यातली साखर यंत्राने मोजली होती. 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून दिली, 15 मिनिटांनी तपासले तेव्हा 94 आले, आणि आम्ही गाडी मागवून परतलो. नुसते सॅनिटायझर चोळून ही साखर निघेल यावर भरवसा ठेवू नये. पाणी नसेल आणि लक्षणे दिसत असतील, तर आकड्यापेक्षा लक्षणांवर विश्वास ठेवून आधी साखर घ्यावी.

अशा वेळी संत्रा बर्फी किंवा चॉकलेट देणे चुकीचे आहे, कारण त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. डाएट शीतपेयात तर साखरच नसते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट 108 ला फोन करावा. राईडपूर्वी इन्सुलिन मांडीत टोचू नये, कारण राबणाऱ्या स्नायूंजवळून ते लवकर शोषले जाते. डोस किती कमी करायचा हे मात्र आपल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावे, सोबतच्या सायकलस्वाराला विचारून नव्हे.

राईड संपली म्हणजे धोका संपला, असेही नाही. रिकामे झालेले स्नायू पुढे कित्येक तास रक्तातली साखर ओढून घेत राहतात, त्यामुळे शुगर त्या रात्री झोपेतही घसरू शकते. माझा तो मित्र आता लांबच्या राईडनंतर झोपण्यापूर्वी हात धुवून तपासतो आणि आकडा नेहमीपेक्षा खाली असेल, तर दूध-पोळी खाऊनच अंथरुणाला पाठ टेकतो.