मांजर घेऊन लांबच्या फ्लाइटने परदेशात जाताय? तिकीट काढताना या चुका टाळा

पुण्याहून नेदरलँड्सला आलो तेव्हा गोमू आणि बंड्या आमच्याबरोबरच आले, गोमू साडेतीन किलोची आणि बंड्या चांगला सहा किलोच्या वरचा बोका. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारत असतं, "मांजर न्यायचंय, कुठली एअरलाइन चांगली?" आणि दर वेळी मी आधी उलट विचारते, की जायचंय कुठल्या देशात, कातडीखालची ओळखीची चिप बसवली का, रेबीजची लस कधी दिली, मांजराचं वजन किती. बहुतेकांनी तोवर तिकीट काढलेलं असतं आणि मग माझ्याच पोटात गोळा येतो. कारण आम्हीही आधी तेच केलं होतं, दोन स्टॉपचं स्वस्त तिकीट काढून बसलो आणि नंतर कळलं की मधल्या फ्लाइटमध्ये मांजर केबिनमध्ये घेतच नाहीत, ते तिकीट रद्द करताना निम्मे पैसे गेले.

तर क्रम असा ठेवा: आधी देशाचा नियम, मग मांजर कसं जाणार ते, मग एअरलाइन, आणि भाडं सगळ्यात शेवटी.

तारीख तुम्ही ठरवता, पण खरी ती रक्ताची टेस्ट ठरवते

युरोपात जायचं असेल तर भारत त्यांच्या सवलतीच्या यादीत नाहीये, त्यामुळे रेबीज टायटर टेस्ट (लसीने रक्तात पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते बघणारी) लागतेच. आधी १५ आकडी आयएसओ चिप, त्यानंतर (किंवा त्याच दिवशी, पण चिप आधी) रेबीजची लस, लसीला किमान ३० दिवस झाले की रक्त काढायचं, ते ईयूने (युरोपियन युनियनने) मान्य केलेल्या लॅबमध्येच तपासायचं, रिझल्ट ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त यायला हवा, आणि रक्त काढल्या तारखेपासून ३ महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी ४ महिने गेले, आणि प्रत्यक्षात ५ धरा, कारण सॅम्पल पाठवणं, रिपोर्ट येणं यात दिवस जातात. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत, मग ती पुन्हा द्यावी लागते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. इथे खूप जण अडकतात, कारण आपल्याकडे पिल्लू असतानाच लस देतात आणि चिपचा विचार व्हिसा आल्यावर होतो.

एक चांगली गोष्ट म्हणजे टेस्ट एकदा पास झाली आणि पुढचे रेबीज बूस्टर वेळेत देत राहिलात तर ती पुन्हा करावी लागत नाही. त्यामुळे परदेशाचं नुसतं बोलणं चालू असलं तरी चिप आणि टेस्ट उरकून टाका, वाया काही जात नाही.

यूकेलाही भारतातून टायटर टेस्ट आणि ३ महिने आहेतच. अमेरिकेचं मात्र वेगळं आहे, तिथे मांजरांसाठी केंद्र सरकारच्या पातळीवर रेबीजच्या लसीचा पुरावा मागत नाहीत, आणि १ ऑगस्ट २०२४ पासून जे कडक नियम आले ते कुत्र्यांचे आहेत. ते वाचून मांजरवाले उगाच घाबरतात. हवाई बेटांचे नियम वेगळे आणि कडक आहेत, आणि तिथल्या ज्या राज्यात जाताय त्याचे व एअरलाइनचे कागद तरीही बघावेच लागतात. ऑस्ट्रेलियाला भारतातून मांजर थेट नेताच येत नाही, आधी त्यांनी मान्य केलेल्या देशात ठेवावं लागतं आणि नंतर मेलबर्नजवळ मिकलहॅमला क्वारंटाइन. तिथे जाणाऱ्यांनी फ्लाइट शोधायच्या आधी हे सगळं कॅलेंडरवर मांडून बघावं, कारण महिन्यांचा हिशोब आहे.

"नवरा पुढे जाईल, मांजर मागून पाठवू"

आयटीतल्या घरांमध्ये हे फार होतं. नवरा जॉइन व्हायला आधी जातो, बायको आणि मांजर दोन-तीन महिन्यांनी, किंवा दोघंही जातात आणि मांजर आईकडे राहतं. ईयूत मांजर "घरचं पाळीव" म्हणून जायचं असेल तर मालकाच्या प्रवासात आणि मांजराच्या प्रवासात ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, त्याहून जास्त झालं तर ते व्यापारी वाहतुकीच्या नियमात जातं, वेगळं सर्टिफिकेट, वेगळी तपासणी, खर्च कितीतरी जास्त. बायको बरोबर येणार असेल तर सगळे कागद तिच्याच नावाने करा, प्रश्न मिटला. आणि दोघंही आधी गेलात तर मांजर आणायला एकाने परत या, मग मांजर तुमच्याबरोबरच प्रवास करतं. जाण्यायेण्याचं तिकीट महाग वाटतं पण कार्गोवाल्या एजंटचं कोटेशन बघितलंत की वाटणार नाही.

केबिन, होल्ड आणि कार्गो यात गल्लत

केबिन म्हणजे तुमच्या पायाशी, समोरच्या सीटखाली. होल्ड म्हणजे तुमच्याच विमानात खाली, पण तुमच्या तिकिटावर. कार्गो म्हणजे वेगळं बुकिंग, वेगळी इमारत, वेगळी बिलं. "पेट्स अलाउड" एवढं वाचून तिकीट काढू नका, यातलं कुठलं अलाउड आहे ते बघा.

एमिरेट्स आणि कतार एअरवेज केबिनमध्ये मांजर घेत नाहीत. ब्रिटिश एअरवेज घेत नाही, सिंगापूर एअरलाइन्स घेत नाही. लुफ्तान्सा आणि केएलएम घेतात, बॅगेसकट ८ किलोपर्यंत. यूकेत तर विमानाने येणारं मांजर कार्गो म्हणूनच उतरू शकतं, एअरलाइन कुठलीही असो. त्यामुळे लंडनला जाणारे बरेच जण मांजर केबिनमध्ये घेऊन ॲमस्टरडॅमला उतरतात आणि हूक ऑफ हॉलंडहून हारविचला फेरीने जातात, फेरीत पेट केबिन मिळते. यूकेचं सर्टिफिकेट वेगळं असतं, आणि वाटेत ईयूत शिरताय म्हणून तिथलेही कागद लागतात, दोन्ही तयार ठेवा.

पर्शियन मांजर असेल (आणि पुण्या-मुंबईत दर दुसऱ्या घरी पर्शियनच आहे) तर होल्डचा विचार सोडा असं माझं स्पष्ट मत आहे. चपट्या नाकाच्या मांजरांना गरमीत आणि ताणात श्वास घ्यायला त्रास होतो, खूप एअरलाइन्स त्यांना होल्डमध्ये घेतच नाहीत, आणि घेत असतील तरी मी पाठवणार नाही.

कोडशेअर नीट वाचा

हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथे शिकलेसवरलेले लोक फसतात. तिकिटावर नाव एकाचं आणि विमान दुसऱ्याचं असतं, आणि नियम लागतो तो विमान उडवणाऱ्याचा. समजा पुणे ते दिल्ली ते ॲमस्टरडॅम असं एकच केएलएमचं तिकीट काढलंत आणि त्यातला पहिला टप्पा इंडिगोचा निघाला, तर इंडिगो पाळीव प्राणी घेतच नाही, म्हणजे मांजर लोहगावलाच अडकलं. "ऑपरेटेड बाय" ही बारीक अक्षरातली ओळ प्रत्येक टप्प्यासाठी वाचा.

आणि खरं सांगायचं तर हा पहिला टप्पा घेऊच नका. आम्ही पुण्याहून रात्री गाडीने मुंबईला गेलो, लोणावळ्याच्या घाटात गोमूला उलटी झाली, पुसून घेतलं, पॅड बदललं, पुढे गेलो. पण तिथून ॲमस्टरडॅम थेट, साधारण नऊ तास, मध्ये उतरणं नाही, पुन्हा सिक्युरिटी नाही. मांजराला उडण्यापेक्षा हाताळण्याचा जास्त त्रास होतो, अनोळखी आवाज, ट्रॉली, बॅगेतून बाहेर काढणं, पुन्हा कोंबणं. एकदा विमान वर गेलं की आमची दोघं बऱ्यापैकी झोपली. म्हणून दहा-पंधरा हजार वाचतात म्हणून एक स्टॉप वाढवू नका. अमेरिकेसारखं लांब असेल आणि स्टॉप घ्यावाच लागला तर एकच घ्या, तीन-चार तासांचा, आणि दोन वेगवेगळी तिकिटं जोडू नका, पहिलं विमान लेट झालं तर दुसरी एअरलाइन तुम्हाला ओळखत नाही आणि मांजराची जागा तर गेलीच. होल्डमध्ये असेल तर कनेक्शन अजून सैल ठेवा. मार्च ते मे तर होल्ड नकोच, मुंबई-दिल्लीची धावपट्टी तापलेली असते आणि बऱ्याच एअरलाइन्स त्या दिवसांत प्राणी घेणं थांबवतात.

पैसे भरले म्हणजे मांजराची जागा झाली असं नाही

एका विमानात केबिनमध्ये किती प्राणी घ्यायचे याला मर्यादा असते. म्हणून आधी फोन करून विचारायचं की अमुक तारखेला केबिनमध्ये जागा आहे का, मग तिकीट काढायचं, आणि लगेच त्याच दिवशी मांजर ॲड करायला सांगायचं. बुकिंगमध्ये पीईटीसी असा कोड पडतो (होल्डला एव्हीआयएच), तो "रिक्वेस्टेड" आहे की "कन्फर्म्ड" ते विचारा आणि ईमेलवर लेखी मागा. शक्यतो तारीख बदलता येणारं तिकीट घ्या.

एका माणसाला एकच बॅग. दोन मोठी मांजरं असतील तर दोन मोठी माणसं हवीत, आम्ही दोघं होतो म्हणून जमलं. बल्कहेड (समोर भिंत असलेली पहिली रांग) आणि इमर्जन्सी एक्झिटची रांग मिळत नाही. बिझनेस क्लासमध्ये मांजर आरामात जाईल असं वाटतं पण तिथल्या बऱ्याच सीटखाली बॅग ठेवायला जागाच नसते, म्हणून आधी विचारा.

बॅगेचं माप प्रत्येकाचं वेगळं. लुफ्तान्साला ५५ बाय ४० बाय २३ सेंटीमीटर चालते, केएलएमला ४६ बाय २८ बाय २४. एकासाठी घेतलेली दुसऱ्याला चालेलच असं नाही, त्यामुळे आधी तिकीट आणि मग बॅग. मऊ बॅग घ्या, जी थोडी दबते. आणि वजन घरच्या काट्यावर मांजर, बॅग, पॅड, खेळणं सगळ्यासकट करा. बंड्या बॅगेसकट ७.८ भरला होता, मी आठवडाभर रोज काट्यावर ठेवत होते. घाईघाईत डाएट करायला लावू नका, मांजराला उपाशी ठेवणं धोक्याचं असतं.

सर्टिफिकेटचे १० दिवस

ईयूचं हेल्थ सर्टिफिकेट सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्याकडे एक्यूसीएसकडून (प्राण्यांच्या क्वारंटाइन आणि सर्टिफिकेटचं केंद्र सरकारचं खातं) होतं, आणि ते दिल्या तारखेपासून १० दिवसांच्या आत तुम्ही तिकडे पोचायला हवं. फार लवकर केलं तर फ्लाइट पुढे ढकलली की संपलं, अगदी आदल्या दिवशी ठेवलं तर एखादी चूक दुरुस्त करायला वेळ नाही. तीन-चार दिवस आधीचं बरं पडतं. मध्ये शनिवार-रविवार, गणपती, दिवाळी येतेय का ते तिकीट काढतानाच बघा. चिपचा नंबर प्रत्येक कागदावर एकेक आकडा बोट ठेवून जुळवा.

परत भारतात आणताना उलटं. एक्यूसीएसची एनओसी प्रवासाच्या आधी हातात हवी, आणि मांजर दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, कोची अशा ठराविक विमानतळांवरच उतरवता येतं. गोव्याला किंवा नागपूरला थेट उतरणारी फ्लाइट कितीही सोयीची दिसली तरी घेऊ नका.

झोपेचं औषध

मनाने द्यायचं नाही, कोणाच्याही सांगण्यावरून नाही. गुंगीत मांजराचा तोल जातो, श्वास आणि शरीराचं तापमान बिघडू शकतं, आणि गुंगीत असलेला प्राणी एअरलाइन नाकारू शकते. मांजर फारच घाबरट असेल तर व्हेट कधी कधी गॅबापेंटिन देतात, ते घेतलंत तर निघायच्या काही दिवस आधी घरी एकदा देऊन बघा. आमच्या व्हेटने दोघांसाठी नको सांगितलं. त्याऐवजी दोन महिने आधीपासून बॅग हॉलमध्ये उघडी ठेवली होती, जेवण त्यातच, आणि हळूहळू चेन लावून गाडीतून चक्कर. याचा जितका उपयोग झाला तितका कशाचाच नाही.

आणि तरीही अडलं तर

काउंटरवर "पेट बुकिंगमध्ये नाहीये" म्हणाले तर वाद न घालता कन्फर्मेशनचा प्रिंट दाखवा आणि ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा. यासाठी चार तास आधी पोचा, ऑनलाइन चेक-इन बहुधा होतच नाही. आई-बाबा किंवा मित्र कोणीतरी तुम्ही आत जाईपर्यंत विमानतळाबाहेर थांबलेलं असू द्या, वेळ आलीच तर मांजराला घरी न्यायला माणूस हवा.

सिक्युरिटीला बॅग एक्स-रेमधून जाते आणि मांजर तुमच्या हातात. हार्नेस आणि लीश आधीच घातलेली असू द्या, आणि बंद खोलीत तपासणी करा अशी विनंती आधी करा, मगच चेन उघडा. माझ्या हातातून बंड्याने एकदा उसळी घेतली होती, हार्नेस होता म्हणून वाचलो.

शेवटचं हलकं खाणं निघायच्या चार ते सहा तास आधी. विमानात शी झालीच तर जास्तीचे पॅड, ओले वाइप्स, झिपच्या पिशव्या वरच्या बॅगेत नाही, पायाशी ठेवा. ओरडायला लागलं तर बॅगेवर पातळ ओढणी टाका आणि बोट आत घालून ठेवा, तुमचा वास पुरतो. शेजारच्याला आधीच सांगा, ॲलर्जी असेल तर सीट वेळेत बदलता येते. विमान चुकलं किंवा रद्द झालं तर उपयोगी पडावं म्हणून एक-दोन दिवसांचं खाणं हँडबॅगेत हवंच.

उतरल्यावर कस्टम्सच्या लाल मार्गाने जायचं, तिथे स्वतःहून कागद दाखवायचे. स्किपोलला (ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर) आमच्या दोन्ही मांजरांची चिप स्कॅन करून कागद बघून सोडलं.

नवीन घरात पहिल्या दिवशी एकच खोली द्या, जुनी चादर आणि त्यांची नेहमीची लिटर. बरीच मांजरं प्रवासभर शू करत नाहीत आणि पोचल्यावर करतात, पण बोका लिटरमध्ये जाऊन जोर लावतोय आणि शू होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट न बघता तातडीच्या व्हेटकडे न्या. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तरी न्या, मांजराच्या यकृतावर त्याचा फार लवकर परिणाम होतो आणि जाड मांजरांना जास्त. म्हणून तिकडच्या जवळच्या व्हेटचा आणि रात्रीच्या इमर्जन्सीचा नंबर निघायच्या आधीच फोनमध्ये सेव्ह करा. गोमू दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पलंगाखालून निघाली नाही, मग मी घरून आणलेल्या पाकिटातलं खाणं कोमट करून वाटी खाली सरकवली, तेव्हा तिने चाटायला सुरुवात केली.