जुन्या ट्रकचं स्टेअरिंग उघडताय? या चुका टाळा

लांब नाकाचा जुना टाटा-मर्सिडीज दारात आला की सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे असतं. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी डायम्लर-बेंझ यांचा करार 1954 चा, तो 1969 पर्यंत चालला. म्हणजे नाकावर तारा असलेली अगदी शेवटची गाडीसुद्धा आज पन्नाशीच्या पुढे आहे. इंजिन बंद पडलं तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. स्टेअरिंगचा एक सांधा निसटला तर गाडी कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. म्हणून आधी पुढच्या ॲक्सलखाली जा, इंजिन नंतर.

सगळ्यांत जास्त होणारी आणि सगळ्यांत घातक चूक म्हणजे स्टेअरिंग बॉक्सचा (स्टेअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरच्या पेटीचा) ॲडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले, म्हणजे ढिली मोकळी हालचाल, 'काढणं'. मीही सुरुवातीला हेच केलं होतं. चाक सरळ असताना स्टेअरिंग छान घट्ट लागलं आणि पहिल्याच मोठ्या वळणावर जड होऊन तिथेच अडकल्यासारखं झालं. कारण साधं आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे बॉक्समधला वर्म (स्क्रूसारखा गिअर) मधल्या भागात जास्त झिजतो आणि दोन्ही टोकांना जवळजवळ नवा राहतो. मधला सगळा प्ले काढलात, तर टोकाला गिअर आवळले जातात. ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) सोडवा, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, निम्म्या फेऱ्यांवर आणा आणि मगच स्क्रूला हात लावा. आवळल्यावर पुन्हा दोन्ही टोकांना फिरवून बघा. कुठेही अडलं तर स्क्रू मागे घ्या. मध्ये थोडा प्ले राहिला तरी चालेल. तो फारच असेल तर वर्म बदलायला झाला आहे.

बॉक्समध्ये ग्रीस भरणं ही त्याचीच बहीण. सील गळतं, तेल टिकत नाही, म्हणून मिस्त्री ग्रीस ठासतात. दात फिरले की ग्रीस बाजूला सरतं आणि परत येत नाही, दात कोरडे घासत राहतात. सील बदला, शाफ्ट झिजला असेल तर त्याचा बुशही (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) बदला आणि कंपनीने सांगितलेलं गिअर ऑइलच घाला.

पार्ट आणण्याआधी प्ले शोधा

गाडी जमिनीवर, इंजिन बंद. एकाला कॅबिनमध्ये बसवून स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही खाली एकेका सांध्यावर तळवा ठेवा: ड्रॉप आर्म (बॉक्सच्या शाफ्टवरून खाली येणारा हात), ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडची (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं. डोळ्याला न दिसणारी हालचाल हाताला लगेच कळते. मग ॲक्सल उचला, खाली जाड लाकडी ठोकळे द्या (नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका), मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढचं चाक वर-खाली धरून हलवा. चाक खडखडलं की लोक लगेच म्हणतात, किंगपिन (चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळतं ती) गेला. थांबा. क्लीनरला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड गेली तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा. या एका परीक्षेने पुष्कळ पैसे वाचतात.

सांधे ठीक असूनही गाडी रस्त्यावर भटकत असेल तर पाट्यांकडे (लीफ स्प्रिंगकडे) बघा. शॅकलच्या (पाट्यांना चासीशी जोडणाऱ्या दुव्याच्या) पिना आणि बुश झिजले की सगळा ॲक्सलच सरकतो आणि दोष बिचाऱ्या टाय रॉडवर येतो.

किंगपिन

इथे घाई करणारे सगळ्यांत जास्त फसतात. पिन ॲक्सलच्या डोळ्यात (टोकाच्या भोकात) एका निमुळत्या कॉटरने (आडव्या खिळीने) अडकवलेली असते. तो कॉटर काढल्याशिवाय पिनवर घण घालू नका. पिन फुगते आणि मग कशालाच जुमानत नाही. त्याहून वाईट म्हणजे ॲक्सलचा डोळा गॅसने लाल करणं. ॲक्सल घडीव पोलादाचा असतो, त्याला मुद्दाम दिलेली ताकद त्या उष्णतेने जाते. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, मग हायड्रॉलिक प्रेस लावा. हाच नियम स्टेअरिंग आर्मला: वाकला असेल तर तापवून सरळ करू नका, चिरला असेल तर वेल्डिंग करू नका, बदला.

नवे बुश बसवताना बुशाचं भोक ग्रीस निपलच्या भोकासमोर आलंच पाहिजे. पिन घालण्याआधी गनने ग्रीस मारून आत उतरतंय का ते बघा. प्रेसने बसवल्यावर बुश आवळला जातो, म्हणून रिमर (भोक नेमक्या मापाला कापणारं हत्यार) मारावा लागतो. वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रिमरने, एका रेषेत करायचे. वेगवेगळे केले तर प्रत्येकात पिन सुंदर फिरते आणि दोन्हींत घातली की अडकते. एमरी पेपरने घासून जमवलेला बुश लवकरच पुन्हा ढिला होतो. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने जावी, इतकं नेमकं माप हवं. हत्यार नसेल तर स्टब ॲक्सल (किंगपिनवर वळणारा, चाक बसतं तो भाग) चांगल्या लेथवाल्याकडे न्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशा कामाला हात बसलेली माणसं मिळतात.

ॲक्सलचा डोळाच मोठा झाला असेल तर नवी पिन तिथेच हलेल. तो आधी बोअर करून दुरुस्त करावा लागतो. थ्रस्ट बेअरिंग डोळ्याच्या खालच्या बाजूला बसतं. त्याचं झाकण वर असावं, नाहीतर पाणी आणि माती थेट आत जाते. वरच्या बाजूची उभी फट शिमने (पातळ चकत्यांनी) भरा. पुढे ग्रीस मारताना ॲक्सल जॅकवर उचला. चाक जमिनीवर असताना सगळं वजन त्याच बेअरिंगवर असतं आणि ग्रीसला आत शिरायला वाट राहत नाही.

दोन नट, दोन उलटे नियम

टाय रॉडच्या निमुळत्या पिनेवरचा कॅसल नट (वर खाचा असलेला) पुरा आवळा. स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून खाचेतून घालतात त्या पिनेचं) भोक जुळत नसेल तर आणखी आवळून पुढची खाच जुळवा, मागे कधी घेऊ नका, निमुळती पिन ढिली पडते. जुन्या ड्रॅग लिंकच्या टोकातला स्प्रिंगचा प्लग मात्र घट्ट बसेपर्यंत आवळून थोडा मागे घ्यायचा असतो. तिथे पुरा आवळलात तर बॉल जखडतो. जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत घालू नका.

टाय रॉडचा एंड (टोकाचा सांधा) सोडवताना आट्यांवर हातोडा नको. नट दोन-तीन आटे ढिला ठेवा, निमुळती पिन ज्या डोळ्यात बसते त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवा आणि समोरून दुसरा मारा. ड्रॉप आर्म मात्र पुलरनेच काढा, ठोके थेट बॉक्समधल्या बेअरिंगला बसतात. काढण्याआधी शाफ्टवर आणि आर्मवर खूण करा.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवणं. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे नळी फिरवून माप बदलतं. दोन्ही पुढच्या टायरच्या मध्यावर, समोरच्या बाजूला, हबच्या उंचीला खडूने खूण करून अंतर मोजा. गाडी पुढे ढकला, त्याच खुणा मागे आल्या की पुन्हा मोजा. पुढचं अंतर किंचित कमी हवं, जुन्या क्रॉस-प्लाय टायरच्या ट्रकना साधारण 1.5 ते 3 मिमी. आपल्या मॉडेलचं मॅन्युअल असेल तर त्यातलाच आकडा धरा. नळीच्या क्लॅम्पचे बोल्ट आवळा, 100 किलोमीटर चालवा, मग परत खाली शिरून प्रत्येक स्प्लिट पिन हाताने तपासा.