मॅजिकमध्ये स्पेल कॉपी करताय? या चुका टाळा

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळातली, स्पेल (जादूचं कार्ड) कॉपी करणारी कार्डं मला मनापासून आवडतात, म्हणूनच तीच तीच चूक परत परत बघून वैताग येतो. दर आठवड्याला कुणीतरी नेटवरून कॉम्बो (एकत्र खेळून जिंकायची कार्डं) उचलून आणतो, कार्ड नीट वाचत नाही, आणि मग टेबलावर वाद.

पहिली चूक म्हणजे कॉपीला कास्ट (स्पेल स्वतः खेळणं) समजणं. ट्विनकास्ट किंवा रिव्हर्बरेटने झालेली कॉपी थेट स्टॅकवर (परिणाम होण्याआधी स्पेल एकावर एक थांबतात तिथे) येते, ती कुणी कास्ट केलेली नसते. यंग पायरोमॅन्सर (इन्स्टंट किंवा सॉर्सरी प्रकारचं स्पेल कास्ट केलं की एक क्रीचर टोकन देणारं कार्ड) टेबलावर आहे, तुम्ही लाइटनिंग बोल्ट टाकला आणि त्यावर रिव्हर्बरेट, तर टोकन दोनच मिळणार, तीन नाही. स्पेल कास्ट केल्यावरच चालणाऱ्या प्रॉवेस क्षमतेचं तेच, हिरोइकचंही तेच. 2021 च्या स्ट्रिक्सहेवन सेटमधली मेजक्राफ्ट क्षमता मात्र कॉपीवरही चालते कारण तिथे तसं स्पष्ट छापलंय. आणि आयसोक्रॉन सेप्टर वेगळं, त्यात कार्डाची कॉपी करून ती कास्टच करता, म्हणून पायरोमॅन्सर ट्रिगर होतो (त्याचा परिणाम आपोआप सुरू होतो). मी अजूनही कार्डावरच्या ‘कास्ट’ शब्दावर बोट ठेवून मगच ट्रिगर सांगतो.

दुसरी चूक टार्गेटची, आणि ही मी डोळ्यासमोर बघितलीय. कमांडर या प्रकारातला चार जणांचा गेम, दोन तास झालेले, एका नवीन मुलाच्या हातात ट्विनफ्लेम (आपल्या क्रीचरच्या टोकन कॉप्या करणारं स्पेल) आणि ड्युअलकास्टर मेज (टेबलावर आलं की एक स्पेल कॉपी करणारं क्रीचर), बरोबर पाच माना (कार्डाची किंमत भरायची ऊर्जा), पण त्याच्याकडे एकही क्रीचर नाही. मी म्हटलं घाई नको, एक टर्न थांब. नाही थांबला. ट्विनफ्लेम शून्य टार्गेटवर कास्ट केलं (ते चालतं, ‘कितीही’ क्रीचर असं लिहिलंय), वरून ड्युअलकास्टर फ्लॅशने मध्येच टाकला आणि म्हणाला आता कॉपीचं टार्गेट ड्युअलकास्टर. तसं होत नाही ना! नवीन टार्गेट निवडता येतं म्हणजे असलेलं बदलता येतं, संख्या वाढवता येत नाही. मूळ स्पेलला शून्य तर कॉपीलाही शून्य. पुढच्याच टर्नला तो गेममधून बाहेर गेला आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण साधं एक मानाचं क्रीचर आधी टाकलं असतं तर तो जिंकला असता (कॉपीने ड्युअलकास्टरचं टोकन येतं, ते परत ट्विनफ्लेम कॉपी करतं, आणि हे चालूच राहतं). ट्विनफ्लेमऐवजी हीट शिमर असतं तर समोरच्याचं क्रीचरही टार्गेट म्हणून चाललं असतं.

मोड (स्पेलमधला निवडलेला पर्याय), एक्सची किंमत, किकर (जास्तीची किंमत भरून मिळणारा परिणाम), डॅमेजची वाटणी हे सगळं मूळ स्पेलसारखंच राहतं, त्यात बदल नाही.

कॉपी आधी रिझॉल्व्ह होते (तिचा परिणाम होतो), मूळ स्पेल नंतर. ड्युअलकास्टर कॉम्बो मोडायचा तर ट्रिगर स्टॅकवर असताना मूळ ट्विनफ्लेमच काउंटर (रद्द) करा, ट्रिगरचं टार्गेटच जातं. उलट ग्रेपशॉटवर काउंटरस्पेल वाया घालवू नका. एकच डॅमेज वाचेल, स्टॉर्मच्या (त्या टर्नमध्ये आधी कास्ट झालेल्या प्रत्येक स्पेलमागे एक) कॉप्या येणारच, तिथे स्टायफलसारखं ट्रिगर काउंटर करणारं कार्ड लागतं.

मी स्टॅक खरोखर मांडतो, कार्डावर कार्ड, प्रत्येक कॉपीसाठी एक फासा. हळू वाटतं पण वाद होत नाहीत. आणि ‘इन्फिनिट आहे, चला पुढचा गेम’ मला चालत नाही. किती वेळा करणार तो आकडा सांगा, प्रत्येक टोकनचं टार्गेट काय ते सांगा, आणि समोरच्याला विचारा कुठे थांबवायचंय का.