लघवीला जळजळ? गोळी घेण्याआधी या चुका टाळा

उन्हात फिरणं झालं, घाम गेला, पाणी कमी पडलं, की लघवी गडद पिवळी होते आणि जळजळते. घरोघरी याला उन्हाळी लागणं म्हणतात. सब्जा, धण्या-जिऱ्याचं पाणी, ताक पोटात गेलं की दिवसभरात ती उतरते. लघवीच्या संसर्गाचं तसं नसतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी धावावं लागतं, गेलं तर चार थेंब, वर ओटीपोटात कळ. लघवी गढूळ, उग्र वासाची, कधी लालसर. पाणी पिऊन दुसरा दिवस उजाडला तरी हे कमी होत नसेल, तर ती उन्हाळी नव्हे. आणि मुळात या दोन्हींवर एकच गोळी घेण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, बाकीचा बराच घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी गोळी, मग तपासणी

मेडिकलवाल्याला "लघवीला आग होते" म्हटलं की तो नॉरफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनची अर्धी पट्टी कापून देतो. जुलाब असोत की जळजळ, वर्षानुवर्षं हीच गोळी खपत आली आहे. परिणामी आपल्याकडे लघवीच्या संसर्गाला मुख्यतः कारणीभूत असणारा ई. कोलाय हा जंतू या गटातल्या औषधांना फारसा जुमानत नाही. शिवाय या औषधांमुळे स्नायूबंध दुखावण्याचा, क्वचित फाटण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ सालीच सांगितलं, की साध्या मूत्रसंसर्गासाठी दुसरा पर्याय असेल तर ही औषधं वापरू नका. आज डॉक्टर साध्या संसर्गाला सहसा नायट्रोफ्युरँटोइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनची एकदाच घ्यायची पुडी देतात. दोन्ही औषधं जुनी आहेत, तरी अजून बऱ्यापैकी चालतात.

दोन गोळ्या पोटात गेल्यावर लॅबमध्ये नमुना दिला, तर कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्याच्या तपासणीत, बऱ्याचदा काहीच उगवत नाही. रिपोर्ट "नो ग्रोथ", त्रास मात्र तसाच. मग डॉक्टरांनी कशावरून औषध निवडायचं? गरोदर बाई, पुरुष, लहान मूल, मधुमेही, किंवा ज्यांना हा त्रास पुन्हा पुन्हा होतो, अशांनी तरी आधी नमुना द्यावा आणि मगच पहिली गोळी घ्यावी. कल्चरच्या रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर थांबायची गरज नसते. डॉक्टर औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आला की गरज असेल तर बदलतात.

नमुना चुकला की सगळंच चुकलं

खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन त्यात नमुना आणणारे अजूनही भेटतात. धुतलेली दिसली तरी ती निर्जंतुक नसते. तिच्यातले जंतू रिपोर्टमध्ये तुमच्या नावावर चढतात. लॅबमधून मिळणारी सीलबंद डबीच घ्यावी. हात आणि लघवीची जागा साध्या पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून द्यावी, मधली डबीत धरावी. डबीच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचायला हवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावा, पण डब्यांच्या पिशवीत घालून दुपारपर्यंत स्कूटरच्या डिकीत फिरवू नये. गरम जागी जंतू भराभर वाढतात आणि नसलेला संसर्ग रिपोर्टमध्ये उमटतो. रिपोर्टवर "एपिथेलियल सेल्स" (त्वचेच्या आवरणाच्या पेशी) भरपूर किंवा "मिक्स्ड ग्रोथ" (अनेक प्रकारचे जंतू एकत्र) लिहिलेलं दिसलं, तर बहुधा नमुना नीट घेतला गेलेला नसतो. अशा वेळी औषध बदलण्याआधी नमुना पुन्हा द्यावा.

जळजळ थांबवणारं सिरप म्हणजे इलाज नव्हे

पाण्यात घालून घ्यायचं ते आंबटगोड सिरप जवळपास प्रत्येक घरात असतं. त्याने लघवीची आम्लता कमी होते, आग शमते, जंतू मात्र जागेवरच राहतात. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करणारे बरेच जण असतात. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की नायट्रोफ्युरँटोइन आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं. सोबत हे सिरप घेतलं की आपणच त्या गोळीचा जोर कमी करतो. दोन्ही एकाच चिठ्ठीवर असतील तर डॉक्टरांना सरळ विचारावं. त्यात गैर काही नाही. ही गोळी जेवणासोबत घ्यावी, नाहीतर मळमळतं. लघवी तपकिरी-पिवळी झाली तर घाबरू नये, तो औषधाचा रंग असतो. मात्र मूत्रपिंड अधू असेल किंवा बाळंतपण जवळ आलं असेल, तर हे औषध चालत नाही. म्हणूनच शेजारणीची उरलेली पट्टी घेऊ नये.

रिपोर्टवर उपचार करणं

वार्षिक तपासणीत "पस सेल्स ८-१०", म्हणजे लघवीत पूच्या पेशी, आले, त्रास काहीच नाही, तरी अँटिबायोटिकचा कोर्स! ही चूक रुग्णांइतकीच डॉक्टरांकडूनही होते. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या लघवीत त्रासाविना जंतू सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि कॅथेटर (लघवीची नळी) दिवसेंदिवस ठेवलेला असेल तर ते सापडतातच. लक्षणं नसताना औषध दिल्याने फायदा होत नाही, उलट औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे मागे उरतात. अपवाद मुख्यतः दोन: गरोदरपण आणि मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया. गरोदरपणात लक्षणं नसली तरी उपचार करावेच लागतात, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याची भीती असते.

याच्या उलटही घडतं. पस सेल्स भरपूर, कल्चर मात्र पुन्हा पुन्हा कोरं, आणि अँटिबायोटिकमागून अँटिबायोटिक चालू. अशा वेळी आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचा विचार करायलाच हवा. साध्या कल्चरमध्ये क्षयाचा जंतू उगवत नाही, त्याची तपासणी वेगळी असते. मुतखड्यातही असं चित्र दिसू शकतं.

खाज आणि पांढरं जाणं हे मुख्य लक्षण असेल, तर तो बहुतेकदा योनिमार्गाचा संसर्ग असतो, लघवीचा नव्हे. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी साखर लघवीतून बाहेर टाकली जाते, त्यामुळे त्या जागी बुरशी सहज वाढते. त्यावर अँटिबायोटिक घेतलं तर बुरशीला रान मोकळंच मिळतं.

"पाणी प्या" एवढं सांगून सुटका करून घेणं

सल्ला बरोबर आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या बायकांना रोज दीड लिटर जास्तीचं पाणी प्यायला लावलं. वर्षभरात त्यांच्यातलं संसर्गाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पण ऊसतोडीला गेलेल्या बाईला, एसटीच्या कंडक्टर ताईंना, बंदोबस्तावरच्या महिला पोलिसांना हे सांगून काय उपयोग? त्या पाणी पीत नाहीत ते विसरल्यामुळे नव्हे, तर जायला जागा नसते म्हणून. मुंबईत २०११ पासून राइट टू पी ही बायकांच्या स्वच्छतागृहांसाठीची चळवळ यासाठीच भांडते आहे. तोवर निदान एवढं करता येतं: घरी पोहोचल्यावर आणि सकाळी निघण्याआधी भरपूर पाणी पिणं, मिळेल त्या स्वच्छ ठिकाणी आवर्जून जाऊन येणं, आणि घाईघाईत अर्धवट न उठणं. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी मात्र हा सल्ला परस्पर अमलात आणू नये.

स्वच्छतेचा अतिरेकही नडतो. सुवासिक वॉश, जंतुनाशक द्रव टाकलेलं पाणी, आतून धुणं यांनी तिथले उपयुक्त जंतू मरतात. साधं पाणी पुरे. शौचानंतर धुताना पुढून मागे धुवावं. जेट स्प्रे मागून पुढे मारला तर घाण थेट मूत्रमार्गाकडे येते. पाळी गेल्यानंतर वारंवार त्रास होत असेल, तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारावं. तिथली त्वचा कोरडी, पातळ झाल्याने संसर्ग होतो आणि या क्रीमने तो खरोखर कमी होतो. लाजेपायी हा विषय काढलाच जात नाही. क्रॅनबेरी या फळाने काही बायकांना पुढचे संसर्ग टाळायला मदत होते, पण झालेला संसर्ग त्याने बरा होत नाही.

घरी थांबायचं नाही, ते केव्हा

थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या: संसर्ग मूत्रपिंडात गेल्याची ही लक्षणं आहेत, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. लघवी तुंबली, किंवा वृद्ध माणूस तापात बरळू लागलं, तर रात्रीच न्यावं. लहान बाळाला सर्दी-खोकला नसताना ताप आला तर लघवी तपासून घ्यावी. पुरुषाला संसर्ग झाला तर प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) तपासावं लागतं, पट्टी कापून आणून भागत नाही. आणि जळजळ न होता लघवीतून रक्त गेलं, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्याला, तर ते एकदाच जाऊन थांबलं तरी मूत्राशयाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हायलाच हवी.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला असेल, तर जुने कल्चर रिपोर्ट आणि घेतलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात.