निरपेक्ष आणि नियमित रक्तदाता कसे व्हावे

परोपकाराची इच्छा मनात असणे आणि ती वर्षानुवर्षे कृतीत उतरणे यांत किती अंतर आहे, हे रक्तदानात फार स्पष्ट दिसते. येथे दात्याला रुग्ण दिसत नाही, रुग्णाला दात्याचे नाव कळत नाही आणि आभाराचा शब्दही सहसा पोहोचत नाही. म्हणूनच हे दान करू इच्छिणाऱ्याने प्रथम स्वतःच्या मनाचा कल ओळखावा.

डोळ्यांसमोर एक चेहरा, एक नाव असले की आपली सहानुभूती लगेच जागी होते. असंख्य अनोळखी रुग्णांच्या बाबतीत ती मंद राहते, असे मानसशास्त्रातील प्रयोगांत वारंवार आढळले आहे. एखाद्या बालकासाठी ‘तातडीने रक्त हवे’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला की माणसे धावतात. रक्ताची गरज मात्र अशी लाटेने येत नाही. प्लेटलेट साधारण 5 दिवस टिकतात, तांबड्या पेशी पिशवीतील द्रावणानुसार 35 ते 42 दिवस. त्यामुळे एका दिवशी हजारोंचे संकलन करणाऱ्या महाशिबिरापेक्षा मे महिन्याच्या सुटीत किंवा दिवाळीच्या सुमारास, महाविद्यालये बंद असताना, रक्तपेढीत जाऊन दिलेली एक पिशवी अधिक उपयोगी ठरू शकते. आपण कधी द्यावे हे आपल्या उमाळ्यावर सोडू नये, रक्तपेढीला फोन करून विचारावे. (व्हॉट्सॲपवरचा निरोप पुढे पाठवण्यापूर्वी त्याची तारीखही तपासावी, महिनोन्‌महिने फिरणारे असे निरोप रुग्णाच्या नातेवाइकांनाच जाच होतात.)

दुसरा प्रश्न भेटवस्तूंचा. रक्त विकत घेण्याने दानाची प्रेरणा खालावते आणि रक्ताची सुरक्षितताही धोक्यात येते, अशी मांडणी ब्रिटिश समाजअभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी 1970 साली केली. स्वीडनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मोबदला देऊ केल्यावर दाता होण्यास तयार असलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे 52 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर आले. तीच रक्कम धर्मादाय कामाला देण्याची मुभा मिळताच ते पूर्ववत झाले. पुरुषांत असा लक्षणीय फरक दिसला नाही. शिवाय नंतरच्या, प्रत्यक्ष शिबिरांवरील अभ्यासांत भेटवस्तूंमुळे दाते वाढल्याचेही आढळले, म्हणून हा वाद मिटलेला नाही. तरीही पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शिबिरात हेल्मेट किंवा बॅग मिळते म्हणून रांगेत उभे राहू नये, असे मला वाटते. वस्तूचा मोह असलेला माणूस प्रश्नावलीत अलीकडचा आजार, चालू औषधे किंवा जोखमीचे वर्तन लपवू शकतो, आणि संसर्गानंतरच्या पहिल्या काही दिवसांत चाचणीलाही तो संसर्ग सापडेलच असे नाही. भारतात पैसे घेऊन रक्त देण्यास 1 जानेवारी 1998 पासून बंदी आहे, त्यामागेही हीच भीती होती. प्रश्नावली खरेपणाने भरणे हा या दानातील सर्वांत निःस्वार्थ भाग होय, कारण तेथे कधी कधी दान न देताच परतावे लागते.

पात्रता साधी आहे: वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला 12.5 ग्रॅम किंवा अधिक. 350 मिलिलिटर रक्त घेतले जाते. वजन 55 किलोहून अधिक असल्यास 450 मिलिलिटर घेता येते.

भीतीकडे मात्र दुर्लक्ष करू नये, कारण पहिल्याच वेळी भोवळ आलेला दाता पुन्हा फिरकत नाही. उपाशीपोटी जाऊ नये. सुई टोचण्यापूर्वी अर्धा लिटरभर पाणी प्यावे आणि रक्त देताना मांड्यांचे व पोटाचे स्नायू काही क्षण आवळून सैल सोडत राहावे, याने रक्तदाब एकदम उतरण्याचा संभव कमी होतो. सुईची धास्ती वाटत असेल तर परिचारिकेला तसे सांगावे. दानानंतर 10 ते 15 मिनिटे आडवे किंवा बसून राहावे.

हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवले तर तो अपमान समजू नये. अशा वेळी खट्टू होऊन अनेक जण कायमचे दूर जातात. वैद्यकीय सल्ला घेऊन पुन्हा यावे. दान झाले असेल तर रक्तपेढीतून बाहेर पडण्यापूर्वीच पुढची तारीख, पुरुषांनी किमान 90 आणि स्त्रियांनी किमान 120 दिवसांनंतरची, मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी.