‘सुई नवीच होती’ यावर थांबू नका

असुरक्षित इंजेक्शनांविरुद्ध वस्तीत काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. एचआयव्हीची प्राथमिक माहिती तुम्हाला आहेच, ती उगाळत नाही.

नवी माणसं हमखास फसतात ती एका प्रश्नाशी. "सुई नवी होती ना?" लोक मनापासून "हो" म्हणतात, आपण वहीत बरोबरची खूण करतो. पण सिरिंज? टोचून झाल्यावर रक्ताचा अंश नळीत ओढला जाऊ शकतो, डोळ्यांना दिसतही नाही. त्याच नळीला नवी सुई लावली तरी आतलं रक्त पुढच्याच्या अंगात जाऊ शकतं. तीच सिरिंज औषधाच्या कुपीत पुन्हा घातली, तर कुपीच दूषित. मग पुढच्यासाठी कोरी सिरिंज घेऊनही धोका टळत नाही. सलाईनच्या नळीतून औषध सोडलं तरी हेच. म्हणून विचारा: सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं का? औषध आधीच उघडलेल्या कुपीतून काढलं का?

हे विचारताना मला अजून घाम फुटतो. "डॉक्टरांवर संशय घेता?" हे ऐकायची तयारी ठेवा. कंबोडियातल्या रोका गावात २०१४ साली दोनशेहून जास्त लोकांना लागण झाल्याचं उघड झालं. तिथे सुया टोचणारा विनापरवाना माणूस गावाच्या विश्वासातलाच होता. पाकिस्तानातल्या रातोदेरोत २०१९ मध्ये शेकडो मुलं बाधित निघाली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या आयांना लागण नव्हतीच. त्यामुळे मूल बाधित दिसलं की आईची उलटतपासणी करत बसणाऱ्याला आधी गप्प करा.

पोस्टर, फेऱ्या यांवर माझा फारसा विश्वास नाही. फोटो छान येतात, बस्स. शिकायचंच तर आयुष्यभर इंजेक्शनं दिलेल्या एखाद्या निवृत्त नर्सबाईंकडे बसा, व्याख्याते नंतर. लोकांना "गोळीने भागेल का?" एवढं विचारायला शिकवलंत तरी पुष्कळ, कारण निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आणि पुरावा म्हणून कचऱ्यातल्या सिरिंजा हाताने उचलू नका. अजिबात नाही. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लगेच रुग्णालय गाठा. प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, आणि पुढे २८ दिवस. घाबरू नका: बाधित रक्ताची सुई टोचली तरी एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात साधारण तीन. हिपॅटायटिस बीची त्याहून कितीतरी जास्त असते, तेव्हा ती लस कामाला लागण्याआधीच घेऊन टाका.