यकृतातील चपटे कृमी: औषधाबरोबर पाणवठाही सांभाळा

भंडारा-गोंदियातील मामा (माजी मालगुजारी) तलावांचे काठ, कोकणातील भातखाचरे आणि कालव्याच्या पाझराने बारमाही ओल्या राहणाऱ्या जमिनी येथे चरणारी गाय, म्हैस, शेळी किंवा मेंढी खाऊनपिऊनही रोडावत असेल, तिचे दूध घटत असेल आणि जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज दिसत असेल, तर लिव्हर फ्लूकची, म्हणजे यकृतातील चपट्या कृमींची शंका घ्यावी. आपल्याकडे मुख्यतः फॅसिओला जायगँटिका ही जात आढळते. शेणाचा नमुना देताना ही शंका स्पष्टपणे सांगावी, कारण या कृमीची अंडी जड असतात व नेहमीच्या तरंगण पद्धतीत सहसा सापडत नाहीत. त्यांच्यासाठी तळाचा साका तपासावा लागतो. लागण झाल्यापासून शेणात अंडी दिसू लागेपर्यंत तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ जातो, त्यामुळे एक अहवाल निर्दोष आला म्हणून निश्चिंत होऊ नये.

शेणातून पडलेले अंडे पाण्यात पोहोचले, तरच त्यातून अळी निघते आणि तिला साधारण एका दिवसाच्या आत लिम्निया गटातील गोड्या पाण्याची गोगलगाय गाठावी लागते. गोगलगायीत काही आठवडे वाढून असंख्य झालेल्या अळ्या बाहेर पडतात आणि काठच्या गवतावर, पाणवनस्पतींवर कोष करून बसतात. हे कोष पोटात गेले की लागण होते. एका जनावरापासून दुसऱ्याला किंवा माणसापासून माणसाला ती थेट होत नाही.

औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. ऑक्सिक्लोझानाइड प्रामुख्याने प्रौढ कृमींवर काम करते, तर ट्रायक्लाबेंडॅझोल कोवळ्या कृमींनाही मारते; मात्र दुभत्या जनावराला कोणते औषध चालेल आणि दूध किती दिवस वापरू नये, हे आधी विचारून घ्यावे. वजनाचा अंदाज डोळ्यांनी न करता छातीचा घेर मोजून करावा, कारण अपुऱ्या मात्रेने कृमी वाचतात आणि त्यांच्यात औषधाला दाद न देण्याची प्रवृत्ती वाढते. पावसाळ्यापूर्वी व पावसाळा संपल्यावर संपूर्ण कळपाला एकाच वेळी औषध देणे उपयुक्त ठरते. पावसाळ्यापूर्वीच्या मात्रेमुळे पाण्यात जाणारी अंडीच कमी होतात.

तरीही तेच जनावर त्याच डबक्यावर परत गेले, तर पुन्हा लागण होते, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब हीच आहे. हौद बांधून त्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी द्यावे, हौदाभोवती चिखल होऊ देऊ नये आणि तलावाच्या काठाला कुंपण घालावे. उन्हाळ्यात इतरत्र चारा संपला की जनावरे आटलेल्या तलावाच्या हिरव्या कडेवर उतरतात; नेमके तेथेच कोष साचलेले असतात, म्हणून त्या दिवसांत विशेष काळजी घ्यावी. भाताच्या पेंढ्याचा पाण्यात बुडालेला बुडखा सर्वाधिक धोक्याचा असतो. तो कापून टाकावा, आणि उरलेला पेंढा कडक उन्हात पसरून पूर्ण वाळवल्यावरच खाऊ घालावा. ताजे शेण खाचरात टाकू नये. उकिरड्यात नीट कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने अंडी मरतात. गोगलगाई कमी करण्यासाठी चर खोदून पाण्याचा निचरा करावा, शक्य असल्यास बदके पाळावीत. मोरचूद टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, परंतु त्याने मासे मरतात आणि मेंढ्यांना विषबाधा होऊ शकते, त्यामुळे तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय तो मार्ग टाळावा.

माणसांना ही लागण क्वचित होते, पण होते. तलावातील किंवा ओढ्यातील पालेभाजी कच्ची खाऊ नये, शिंगाडे दातांनी न सोलता उकडून खावेत आणि अशा ठिकाणचे पाणी उकळून प्यावे. लागण झालेले यकृत खाल्ल्याने हा रोग होत नाही; त्यातील कृमींची अंडी नुसतीच विष्ठेतून बाहेर पडतात आणि तपासणीत दिशाभूल करतात, म्हणून तपासणीपूर्वी काही दिवस यकृत खाऊ नये. उजव्या बरगडीखाली दुखणे, दीर्घकाळ ताप आणि रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेल्या असणे, असे एकत्र दिसल्यास डॉक्टरांना पाणवनस्पती खाल्ल्याचे आवर्जून सांगावे. अचूक निदान महत्त्वाचे आहे, कारण थायलंडसारख्या देशांत गोड्या पाण्यातील कच्च्या माशांतून होणाऱ्या यकृतकृमींवर प्राझिक्वांटेल हे औषध चालते, फॅसिओलावर मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही आणि ट्रायक्लाबेंडॅझोलच द्यावे लागते.